आधी बॉनेट उघडा, मग इलेक्ट्रिकचं बघू!

मेकॅनिकलला ॲडमिशन घेतली की घरचे, शेजारचे आणि लग्नाकार्यात भेटणारे समस्त नातेवाईक आपल्याला फुकटातला मेकॅनिक समजायला लागतात. फर्स्ट इयरला आपण ड्रॉइंग शीटवर रेषा खोडत बसलेलो असतो आणि तिकडे काका विचारतात, "अगं, सेकंड गिअर टाकला की कर्रर्र होतं, काय असेल?" आता थर्ड इयरला आल्यावर प्रश्न बदललाय. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मला चार वेगवेगळ्या लोकांनी एकच प्रश्न विचारला : "गाडी जुनी झाली गं आता. विकून टाकू का? इलेक्ट्रिक घेऊ?"

त्या चौघांत आमचे पप्पाही होते. प्रश्न साधा वाटतो, पण त्यात आठ-दहा लाख रुपये अडकलेले असतात. आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी ते रुपये आपल्या एज्युकेशन लोनच्या डोक्यावर दुसरं लोन म्हणून येऊन बसतात. म्हणून म्हटलं, यावर एकदा नीट लिहूया. माझं मराठी कॉन्व्हेंटचं, त्यामुळे 'वंगण' म्हणू की 'ग्रीस' असा प्रश्न पडला की मी ग्रीसच म्हणते. गॅरेजमध्येही तेच म्हणतात, तेव्हा चालवून घ्या!

गाडी म्हातारी की आजारी?

गाडी जुनी झाली म्हणजे नेमकं काय झालं, असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. सकाळी सेल्फ घेत नाही. पिकअप गेला. ॲव्हरेज पडला. घाटात गरम होते. म्हणजे इंजिन संपलं असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ दोन-पाच हजारांच्या वस्तूत असतं. बॅटरी उतरलेली, एअर फिल्टर धुळीने चोंदलेला, टायरमध्ये हवा कमी, ब्रेक चिकटून राहिलेला, क्लच प्लेट घासलेली. नीट ठेवलेलं छोटं पेट्रोल इंजिन दीड-दोन लाख किमी आरामात चालतं. घरातली गाडी तेरा वर्षांत साठ-सत्तर हजार किमी फिरलेली असेल, तर ती म्हातारी नाही, नुसती दुर्लक्षित आहे.

ॲव्हरेज पडण्याचं एक कारण मात्र गाडीत नाही, पंपावर आहे. २०२५ पर्यंत देशभरातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्क्यांचा एकतृतीयांश म्हणजे सहा-सात टक्के. तेव्हा शुद्ध पेट्रोलवर १८ चा ॲव्हरेज देणारी गाडी आता १७ देत असेल तर घाबरू नका. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या मात्र एवढ्या इथेनॉलसाठी बनवलेल्या नव्हत्या. त्यामुळे सर्व्हिसिंगच्या वेळी पेट्रोलचे रबरी पाइप आणि सील मुद्दाम बघायला सांगा. पाइपला बारीक चिरा दिसल्या किंवा पेट्रोलचा वास आला तर लगेच बदला, कारण तिथे आगीचा प्रश्न आहे.

पंधरवड्यातून पाच मिनिटं

रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, गाडी सपाट जागी उभी करून बॉनेट उघडायचं. खालच्या गोष्टी बघायला डिग्री लागत नाही.

इंजिन ऑइल : डिपस्टिक काढा, फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. काळं दिसलं म्हणून लगेच खराब झालं असं नाही, काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. पण ते दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. मग गाडी चालवू नका, मिस्त्रींना घरी बोलवा. ऑइल बदलायचं साधारण १०,००० किमी किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. गाडी उभीच होती म्हणून वर्ष टाळणं चुकीचं, कारण कमी फिरणाऱ्या गाडीतही ऑइल खराब होतंच.

कूलंट : बाटलीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन रेघा असतात. पातळी त्यांच्यामध्ये हवी. बोअरचं पाणी ओतायची सवय सोडा. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, जसे आपल्या हॉस्टेलच्या गिझरमध्ये बसतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट यांचं मिश्रणच घाला.

ब्रेक ऑइल : पातळी हळूहळू खाली येत असेल तर ब्रेक पॅड घासत चाललेत. अचानक खाली गेली तर कुठेतरी गळती आहे, तेव्हा गाडी रस्त्यावर नेऊ नका. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि त्यामुळे ते कमी तापमानाला उकळायला लागतं. लांब उतारावर ब्रेक तापले की आत बुडबुडे होतात आणि पेडल मऊ लागतं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं. गाडीतली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू हीच.

टायर : हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायर थंड असताना भरा. दोन्ही कडा घासल्या असतील तर हवा कमी राहिली, मधला भाग घासला असेल तर जास्त झाली, आणि एकच कड घासली असेल तर अलाइनमेंट बिघडलंय. नक्षीची खोली १.६ मिमीपेक्षा कमी झाली की टायर कायद्यानेही बाद. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायर कितीही गुळगुळीत दिसत नसला तरी सहा-सात वर्षांनंतर रबर कडक होतं आणि पावसात घसरतं. स्टेपनीचाही नंबर बघा. आपल्याकडे स्टेपनीत हवा आहे की नाही हे पंक्चर झाल्यावरच कळतं!

सेल्फ मारला, पण गाडी चालू होईना

इथे कान उघडे ठेवले तर निम्मं निदान तिथल्या तिथे होतं.

चावी फिरवली आणि काहीच झालं नाही, दिवेही लागले नाहीत, तर बॅटरी पूर्ण उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसते ना, ती गरम पाणी आणि खायच्या सोड्याने धुवा, घट्ट बसवा, वर थोडं व्हॅसलीन लावा. फुकटात काम होतं.

टक-टक-टक असा आवाज आला आणि दिवे मंद झाले, तर बॅटरीत जोर नाही. एकदाच टक्क झालं आणि दिवे झगझगीत आहेत, तर संशय स्टार्टर मोटरवर. इंजिन फिरतंय पण पेटत नाही, तर पेट्रोल नाहीतर स्पार्क. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते, तो फ्यूएल पंप. आवाज नसेल तर आधी त्याचा फ्यूज बघा. उडालेला फ्यूज बदलताना तेवढ्याच ॲम्पिअरचा घाला. लाल म्हणजे १०, निळा १५, पिवळा २०. चॉकलेटची चांदी गुंडाळून काम भागवणाऱ्यांची वायरिंग जळते.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. ईएनटीसीवाल्यांच्या खोलीत मल्टिमीटर असतोच, तो सुट्टीत घरी घेऊन जा. गाडी रात्रभर बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग गाडी चालू करून पुन्हा मोजा. आता १३.८ ते १४.४ च्या आसपास दिसायला हवं, म्हणजे अल्टरनेटर चार्ज करतोय. चालू गाडीतही बाराच्या घरात आकडा अडकला असेल तर दोष अल्टरनेटरकडे आहे आणि नवी बॅटरी टाकली तरी ती आठवड्यात उतरणार. साडेचार हजार वाचवणारं मोजमाप आहे हे.

जंप स्टार्टचा क्रमही पाठ करून ठेवा. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो, म्हणून ही काळजी.

घाटात गाडी गरम झाली तर

मे महिना, फुल एसी, पाच माणसं, वर सामान आणि खंबाटकीचा चढ. काटा वर जायला लागला की आधी एसी बंद करा आणि हीटर फुल करा. हसू नका! हीटर म्हणजे आतला छोटा रेडिएटरच, तो इंजिनची उष्णता बाहेर काढतो. काटा तरी उतरला नाही तर बाजूला थांबा, इंजिन बंद करा आणि अर्धा-पाऊण तास वाट बघा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, म्हणजे नाहीच. आत दाबामुळे पाणी शंभर डिग्रीच्या वर असूनही उकळलेलं नसतं. झाकण उघडलं की दाब जातो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं.

उतरताना ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो, त्याच्या आसपासचा गिअर ठेवायचा. न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणाऱ्या शूरवीरांना सांगा की इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना इंजिनला पेट्रोल जवळजवळ जातच नाही. न्यूट्रलमध्ये उलट आयडलिंगला पेट्रोल लागतं आणि ब्रेक तापतात ते वेगळंच.

गॅरेजमध्ये कसं बोलावं

निदान सांगू नका, लक्षण सांगा. "क्लच प्लेट बदला" म्हटलं की ती बदलली जाते, गरज असो वा नसो. "चौथ्या गिअरला रेस वाढतो पण स्पीड वाढत नाही" असं सांगितलं की मिस्त्री स्वतः तपासतात. काम सुरू करण्याआधी अंदाजे खर्च विचारा. बदललेला जुना पार्ट परत मागा. बिलावर किलोमीटर लिहून घ्या आणि सगळी बिलं एका फायलीत ठेवा. ही फाइल उद्या गाडी विकताना कामाला येते आणि आजच्या आपल्या प्रश्नालाही तीच उत्तर देते.

माझ्यासारख्या मुलींना एक खास टिप. प्रश्न मी विचारते आणि उत्तर पप्पांकडे बघून मिळतं, हा नेहमीचा अनुभव. मल्टिमीटर बाहेर काढला की मान आपोआप आपल्याकडे वळते!

इलेक्ट्रिक : नवं खूळ नाही

ताशी शंभर किमीचा वेग ओलांडणारी जगातली पहिली कार इलेक्ट्रिक होती. १८९९ साली कामिल येनात्झी याने ती फ्रान्समध्ये चालवली. तेव्हा पेट्रोलची गाडी हँडल मारून सुरू करावी लागायची आणि हँडल उलटं फिरून हात मोडायचे. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत इलेक्ट्रिक सेल्फ स्टार्टर आला आणि पेट्रोल गाडीची सगळ्यात मोठी कटकट संपली. म्हणजे एका इलेक्ट्रिक मोटरनेच इलेक्ट्रिक कारला मागे टाकायला मदत केली. आपल्याकडे २००१ मध्ये बंगळुरूची रेवा आली, लेड-ॲसिड बॅटरीवर चालणारी चिमुकली गाडी. खरी गर्दी झाली ती लिथियम बॅटरीनंतर. २०२० मध्ये टाटा नेक्सॉन ईव्ही आली आणि २०२२ मध्ये टियागो ईव्ही, तेव्हा तिची सुरुवातीची किंमत साडेआठ लाखांच्या आसपास होती.

यंत्र म्हणून बघाल तर इलेक्ट्रिक कार सुंदरच आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. टियागो ईव्हीची मोठी बॅटरी २४ युनिटची, म्हणजे ऊर्जेच्या भाषेत पावणेतीन लिटर पेट्रोलसुद्धा नाही! तेवढ्यात ती रोजच्या वापरात दीडशे ते पावणेदोनशे किमी जाते. पावणेतीन लिटरमध्ये आपली पेट्रोल गाडी पन्नासच्या आत दम तोडते, कारण पेट्रोलमधली पाऊण ऊर्जा उष्णता होऊन जाते. शिवाय ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग, क्लच, टायमिंग बेल्ट यातलं काहीच नाही. घाट उतरताना मोटर जनरेटर होते आणि थोडी वीज परत बॅटरीत टाकते.

पण 'मेंटेनन्स शून्य' हे शोरूममधलं वाक्य आहे. टायर, सस्पेन्शन, ब्रेक ऑइल, वायपर, एसी आणि अनेक गाड्यांत कूलंट हे सगळं आहेच. गाडी जड आणि पिकअप जोरदार, त्यामुळे टायर लवकर घासू शकतात. आणि तुमची ती जुनी बारा व्होल्टची बॅटरीसुद्धा असते. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

पैशांचा हिशेब

आता कॅल्क्युलेटर काढा. हिशेबापुरतं पेट्रोल १०५ रुपये लिटर, गाडीचा ॲव्हरेज १८, घरची वीज १० रुपये युनिट आणि इलेक्ट्रिकचा ॲव्हरेज मीटरवरच्या युनिटला ६.५ किमी धरू. तुमच्या गावचे आकडे टाकून बघा.

पप्पा ऑफिसला स्कूटरने जातात. कार म्हणजे बाजार, लग्नं, गावाकडे फेरी. वर्षाला ६,००० किमी. पेट्रोलचा खर्च ३५,००० रुपये. इलेक्ट्रिकवर तेच अंतर ९,२०० रुपयांत. वर्षाला जवळपास २६,००० वाचले. दुरुस्तीचं बघू. फायलीतलं गेल्या वर्षीचं बिल : बॅटरी ४,५००, चार टायर १५,२००, सर्व्हिसिंग ४,८००, क्लच ८,५००. एकूण ३३,०००. बघून आईने कपाळाला हात लावला आणि तिथूनच "विकून टाका" सुरू झालं. पण टायर आणि क्लच दरवर्षी बदलत नाहीत. सरासरी वर्षाला २०,००० धरले आणि इलेक्ट्रिकला ६,०००, तर इथे १४,००० वाचतात. एकूण बचत ४०,०००.

जुनी गाडी दीड लाखाला गेली आणि नवी इलेक्ट्रिक रस्त्यावर येईपर्यंत साडेनऊ लाखांना पडली, तर खिशातून गेले ८ लाख. ४०,००० च्या बचतीने ते भरून यायला २० वर्षं. आणि हेच ८ लाख बँकेत सहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाचं व्याज ४८,०००. म्हणजे नुसतं व्याज बचतीपेक्षा जास्त! लोन काढून घेतली तर हेच व्याज आपण भरणार.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही पेट्रोल पंपवाल्यांची भाची आहे. समजा गाडी नवी घ्यायचीच आहे आणि त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा इलेक्ट्रिक ३ लाखांनी महाग आहे. वर्षाला ६,००० किमी फिरणाऱ्याला पेट्रोल आणि सर्व्हिसिंग मिळून ३०,००० वाचतील, फरक भरून यायला १० वर्षं. पण वर्षाला २०,००० किमी फिरणाऱ्याचे पेट्रोलचेच ८६,००० वाचतात. सर्व्हिसिंग धरून तीन-साडेतीन वर्षांत फरक वसूल आणि पुढे नफाच नफा. टॅक्सीवाले इलेक्ट्रिककडे वळतात ते याच गणितामुळे.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात : १०० युनिटपर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत. गाडीमुळे घर वरच्या टप्प्यात गेलं तर १० रुपयांचा हिशेब बदलतो. आणि बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटचा दर घरापेक्षा दीडपट-दुप्पट असू शकतो.

धुराचा हिशेब

"पण पर्यावरण?" हा प्रश्न मला माझ्या रूममेटने विचारला, आणि तो रास्त आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पाऊण किलोच्या पेट्रोलमधून सव्वादोन किलो कसा? कार्बन पेट्रोलचा आणि ऑक्सिजन हवेतला, म्हणून. १८ च्या ॲव्हरेजला किलोमीटरमागे १२८ ग्रॅम, आणि तेल काढणं-शुद्ध करणं धरून दीडशेच्या आसपास.

इलेक्ट्रिकला धुराडं नाही, पण वीज कुठून येते? आपल्या देशात सत्तर टक्क्यांहून जास्त वीज कोळशावर होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. तारांमधली गळती धरली की गाडीमागे किलोमीटरला सव्वाशे ग्रॅम. म्हणजे फायदा आहे, पण २५-३० ग्रॅमचा. २४ युनिटची बॅटरी बनवतानाच दीड-दोन टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडलेला असतो. तेवढा भरून काढायला ६०,००० किमीच्या आसपास चालवावी लागेल, पप्पांच्या हिशेबाने १० वर्षं. नव्या गाडीचा पत्रा, काच आणि प्लास्टिक मी धरलेलंच नाही. जुनी गाडी आधीच बनलेली आहे, तिचा तो हिशेब कधीच चुकता झालाय.

मात्र छतावर सोलर असेल तर हे चित्र पूर्ण बदलतं, आणि ग्रिडमध्ये सौर-पवन ऊर्जा वाढेल तसा फरकही वाढत जाईल. शिवाय सिग्नलला उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात धूर जात नाही, याची किंमत ग्रॅममध्ये करता येत नाही.

रस्त्यात बंद पडली तर?

पेट्रोल गाडी बंद पडली की कुठल्याही तालुक्याच्या गावात मिस्त्री मिळतो, नाहीतर टोचन लावून नेता येते. इलेक्ट्रिकमध्ये नारिंगी रंगाच्या केबल दिसतात, त्यात शेकडो व्होल्ट असतात. प्रशिक्षण आणि रबरी हातमोजे नसताना त्यांना हात लावणं म्हणजे जिवाशी खेळ. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ती ओढतही नाहीत, कारण चाकाबरोबर मोटर फिरून वीज तयार करते. उचलून ट्रकवरच न्यावी लागते. बॅटरीला सहसा ८ वर्षं किंवा १.६ लाख किमीची वॉरंटी असते. त्यानंतर काय, हा प्रश्न सेकंडहँड घेणाऱ्याने दहादा विचारावा. कडक ऊन आणि सतत फास्ट चार्जिंग या दोन्हींनी लिथियम बॅटरीचं आयुष्य कमी होतं, तेव्हा विदर्भातल्या मित्रांनी सावलीचं पार्किंग आधी शोधावं.

पार्किंगवरून आठवलं. बंगल्यात राहणाऱ्याला १५ ॲम्पिअरचं पॉइंट आणि चांगलं अर्थिंग पुरतं, रात्रभरात गाडी भरते. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटवाल्याला मात्र सोसायटीची मीटिंग, वायर कुठून न्यायची आणि मीटर कोणाचं, हे सगळं आलं.

मग घ्यावी कोणी?

स्वतःचं पार्किंग आहे, रोज पन्नास-साठ किमी ठरलेला प्रवास आहे, सर्व्हिस सेंटर जवळ आहे आणि गाडी तशीही बदलायचीच आहे, अशांनी बिनधास्त इलेक्ट्रिक घ्यावी. छतावर सोलर असेल तर दुधात साखर. आपल्या स्टाफपैकी जे रोज दुसऱ्या गावाहून अप-डाऊन करतात, त्यांनी वरचा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी जरूर करून बघावा.

ज्यांची गाडी आठवड्यातून दोनदा बाहेर निघते, इंजिन शाबूत आहे, पत्रा सडलेला नाही, त्यांनी जाहिरात बघून घाई करू नये. आहे ती गाडी नीट करून वापरावी. १५ वर्षं झाली की महाराष्ट्रात फिटनेस तपासणी करून, पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. दुरुस्तीचा वर्षाचा खर्च सलग दोन-तीन वर्षं गाडीच्या विक्री किमतीच्या निम्म्यावर जायला लागला, चासिसला गंज लागला किंवा ऑइल जळून निळा धूर यायला लागला, की मग निरोप द्यायची वेळ आली असं समजावं.

पप्पांना मी हेच सांगितलं. त्यांची गाडी २०१३ ची आहे, म्हणजे २०२८ पर्यंत नोंदणीची काळजी नाही. तोवर बॅटरी आणखी स्वस्त होतील, चार्जर वाढतील, आमच्या गल्लीतला मिस्त्रीचा मुलगाही आयटीआयला इलेक्ट्रिक गाड्यांचा ट्रेड शिकून आलेला असेल. आणि मुख्य म्हणजे, माझी फी संपलेली असेल!

पप्पा म्हणाले, "ठीक आहे, पण रविवारी बॉनेट कोण उघडणार?" तुमच्याही घरी हाच प्रश्न येणार. तर मंडळी, पुढच्या सुट्टीला जाताना मल्टिमीटर बॅगेत टाकायला विसरू नका.